पप्पाचं ‘कधीच नाही’

ये गं, अशी जवळ येऊन बस. तिकडं दाराशी उभं राहून, एक डोळा मोबाइलमध्ये ठेवून ऐकायचं नाही. हे लिहिलेलं आहे खरं, पण मी बोलते तशीच लिहिते. चौथीत शाळा सुटली, पुढचं वाचायला-लिहायला शिकले ते वाणसामानाच्या पुड्यांवरून आणि मुलांच्या जुन्या पुस्तकांवरून. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस. आधी मला सांग, पाडव्याला घरी यायचं नाही, ही कुठली रीत? फोन करतेस तो तुझ्या आईला, आणि शेवटी “आजी बरी आहे ना?” एवढं विचारून ठेवून देतेस. आजी बरी आहे का नाही, ते आजीला विचारायचं असतं बाई. तुझ्या पप्पाचं तर नावही काढत नाहीस. तो शेजारीच बसलेला असतो. टीव्हीचा आवाज बारीक करून बसतो. तुला तिकडून दिसत नाही, मला दिसतं.

रागावत नाही मी. रागवायचं असतं तर तोंडानंच रागावले असते, एवढे कागद कशाला काळे केले असते? पण काही गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत. मध्येच तू “आजी, लेक्चर आहे” म्हणशील आणि माझं अर्धं पोटातच राहील.

फेब्रुवारीत आली होतीस ते आठव. द्राक्षाचा माल सुरू होता. पप्पा उजाडायच्या आत आडगाव नाक्यावरून निफाडच्या बागेत जायचा, आणि परत यायचा तेव्हा कानाला व्यापाऱ्याचा फोन लावलेलाच असायचा. तू पुण्याहून आलीस ती कॉलेजचं काम घेऊन. मानसशास्त्राचं. म्हणालीस, “आजी, आईवडील घरात आपल्या भावना कशा दाखवतात, ते मोजायचंय.”

मी म्हटलं, “मोजायचंय? कशानं गं, मापट्यानं?”

“प्रश्नांनी, आजी. एकेक प्रश्न विचारायचा आणि पाचातलं एक उत्तर घ्यायचं. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. मग त्याचे आकडे करायचे.”

मला ते आवडलं होतं, खरं सांगते. आमच्या आयुष्यात आम्हाला असलं कोणी विचारलंच नाही. किती माणसं जेवायला आहेत हे विचारलं, भाकरी झाल्या का हे विचारलं. तू हॉलमध्ये सगळ्यांना बसवलंस. मी मटार सोलत होते, ताट घेऊन आत जायला उठले, तर तूच म्हणालीस, “तू कुठं चाललीस? बस ना इथं, मजा येईल.” मग मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले.

तुझ्या आईनं तर गंमतच आणली. “मुलांवर रागावता का?” तर म्हणे, “नेहमी. आणि नेहमीच्या वरचं काही असेल तर ते लिही.” “मुलांना जवळ घेता का?” तर म्हणे, “जवळ घ्यायला ती जवळ असायला नको का? वसतिगृहात जाऊन घेऊ?” तुला लिहिता येईना इतकं हसू आलं.

मग पप्पाची पाळी आली. हातपाय धुऊन नुकताच बसला होता बिचारा.

“मुलांना जवळ घेता का?”

“नाय.”

“पप्पा, असं नाही म्हणायचं. पाचातलं एक सांगायचं.”

“मग कधीच नाही.”

“मुलांचा अभिमान वाटला तर त्यांना तसं बोलून दाखवता का?”

“कधीच नाही.”

“मुलांसमोर बायकोचं कौतुक करता का?”

तुझी आई मध्येच म्हणाली, “इथं माझं लिहून घे. पंचवीस वर्षांत एकदा म्हणाले होते, आज मीठ बरोबर पडलंय.”

आपण सगळ्या हसलो. तो हसला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग खाली फरशीकडं पाहिलं. म्हणाला, “लिही पुढं. कधीच नाही.”

आणि मग तू ते विचारलंस. “मुलं दूर असताना त्यांची आठवण येते, असं त्यांना सांगता का?” त्याचा फोन वाजत होता. व्यापाऱ्याचाच असणार, तरी उचलला नाही. वाजून वाजून बंद पडू दिला. मला वाटलं आता काहीतरी म्हणतोय. तो परत एकदा माझ्या बाजूला बघून म्हणाला, “कधीच नाही.”

तू बेरीज केलीस. म्हणालीस, जेवढी घरं आत्तापर्यंत केलीस त्यात सगळ्यात कमी आकडा आपल्या घरातल्या बापाचा. हसतच म्हणालीस, पण तुझा आवाज बदललेला मला कळला. “पप्पा, निदान एका प्रश्नाला तरी ‘क्वचित’ म्हणायचं होतं.”

तो म्हणाला, “जे हाय ते सांगितलं.” आणि उठून बाहेर गेला.

मग तू मला विचारलंस, “आजी, तुझे वडील तुला जवळ घ्यायचे?” मी सरळ म्हणून गेले, “छे गं, कधीच नाही.” तू म्हणालीस, “म्हणजे पिढीजात आहे.” आणि वही मिटलीस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेलीस. पप्पानं तुझ्यासाठी पेटी भरून ठेवली होती, घड निवडून निवडून. ती ओट्यावर तशीच राहिली.

पाडवा गेला. आणि गेल्या आठवड्यात तुझ्या आईकडून कळलं, जूनमध्ये तू नोकरीला बंगळुरूला जाणार. घरी न येता पुण्याहूनच परस्पर जायचा विचार आहे म्हणे. तुझ्या आईनं जेवताना सांगितलं. पप्पानं “हं” केलं आणि आणखी भात वाढून घेतला. तो भात ताटात तसाच राहिला, ते मात्र तिनं तुला सांगितलं नसणार.

दुसऱ्या दिवशी बागेतल्या खरड छाटणीवरून तो आला, मागच्या दारी बूट काढत बसला होता. मी तिथं जाऊन पायरीवर बसले. म्हटलं, “तू बोल पोरीशी.”

“काय बोलू?”

“काहीही बोल. नोकरी लागली, बरं झालं म्हण.”

“तिनं आकडा काढलाय ना माझा. आता वर काय बोलायचं.”

मला राग आला. म्हटलं, “अरे, मग सगळ्याला ‘कधीच नाही, कधीच नाही’ कशाला म्हणालास? तिला पुण्याला सोडायला गेलो होतो तेव्हाचं विसरलास? तिला वर पोचवून आलास, गाडीत बसलास, आणि गाडीच सुरू करेनास. मी विचारलं तर म्हणालास, ऊन उतरू दे. ऊन उतरलं, त्या इमारतीत दिवे लागले, तरी आपण तिथंच. शेवटी वॉचमन येऊन काचेवर टकटक करून गेला तेव्हा निघालो. हे नव्हतं सांगता येत?”

त्यानं एक बूट हातात धरला होता, त्यातली माती काठीनं उकरत होता. वर न बघता म्हणाला, “आई, तू समोर बसली होतीस.”

“मग?”

“मग काय? तुझ्या तोंडासमोर बसून सांगू, मला लेकीची आठवण येते म्हणून?”

त्याचे कान लाल झाले होते गं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, केस पिकलेले, चार माणसं ज्याला विचारून छाटणीची तारीख धरतात तो. आणि शाळेतल्या पोरासारखे कान लाल.

तुला हे कसं सांगावं? तुझ्या पिढीला हसू येईल. आमच्याकडं वडीलधाऱ्यांसमोर माणसानं स्वतःचं लेकरू उचलून घ्यायचं नाही, अशी रीत होती. कुठं लिहिलेली नव्हती, कोणी शिकवलीही नाही. आपल्या बापासमोर, आईसमोर आपल्याच पोराचे लाड करणं म्हणजे निलाजरेपणा वाटायचा. बायकोशी हसून बोलण्यातलाच तो प्रकार. पोर रडलं तर बाप तिथून उठून जायचा, कारण घेतलं तर लाज, न घेतलं तर जीव राहत नाही. मग करायचे काय? भावाच्या लेकराला घ्यायचे. त्याला कोणी काही म्हणत नसे. माझं पोर तू खेळव, तुझं मी खेळवतो, असं न बोलता चालायचं.

तू लहानपणापासून कुरकुर करतेस ना, “माझ्या सगळ्या फोटोंत मी काकाच्याच खांद्यावर का?” आता काकाच्या घरी जाशील तेव्हा त्यांचा अल्बम काढायला लाव. तुझ्या चुलतभावाचे फोटो बघ. कोणाच्या खांद्यावर आहे तो? तुझे आजोबा होते तोवर या घरात तसंच चाललं. तुझ्या प्रश्नांत ‘तुमच्या मुलांना’ असं होतं. भावाच्या मुलांबद्दल एकही प्रश्न नव्हता. तुझी चूक नाही त्यात. ज्यांनी ते प्रश्न काढले, त्यांच्याकडं ही रीत नसेल.

आता माझ्या वडिलांचं सांगते. तुला “कधीच नाही” म्हणाले खरी, आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण तू गेल्यावर बेदाणे निवडत बसले होते, तेव्हा एकेक आठवायला लागलं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला मुदतीचा ताप आला, आता टायफॉइड म्हणतात तो. गावात उतरेना, म्हणून नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आणलं. आई बाळंतीण होती, त्यामुळे माझ्याजवळ राहायला वडीलच आले. आमच्या घरात माझे आजोबा म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांच्यासमोर वडील कधी खाटेवर बसत नसत. मला त्यांनी घरात कधी हात लावल्याचं आठवत नाही. पण दवाखान्यात आम्ही दोघंच. त्यांनी मला पेज भरवली. फडकं ओलं करून कपाळावर ठेवलं. तापानं केसांचा गुंता झाला होता, तर एक दिवस तेल घेऊन बसले वेणी घालायला. त्यांना कुठली येतेय? ते बैलाचं दावं वळायचे, तशी वळली. इतकी घट्ट की माझ्या भुवया वर ओढल्या गेल्या. मी “दुखतंय” म्हटलं की सोडायचे, परत पहिल्यापासून वळायचे. तोंडानं माझ्याशी बोलत होते. काय बोलत होते ते आता आठवत नाही. आवाज आठवतो. तो आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, “पोरीचा बाप हौशी आहे.” तर हसले.

एक वेणी झाली होती, दुसरी अर्ध्यावर होती, आणि दारात आजोबा उभे. घरून डबा घेऊन आले होते. वडिलांनी केस हातातून टाकले. टाकलेच गं, चटका बसल्यासारखे. उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले, पाठमोरे. आजोबांनी माझ्याकडं पाहिलं, एका बाजूला दाव्यासारखी वेणी आणि दुसऱ्या बाजूला मोकळे केस. विचारलं, “वेणी कोणी घातली पोरीची?”

वडील खिडकीशी उभे राहूनच म्हणाले, “नर्सबाईनं.”

शेजारची म्हातारी काही बोलली नाही. मी पण बोलले नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. आपण आजारी पडलो, दवाखान्याचा खर्च केला, म्हणून वडिलांना आपली लाज वाटते. पोराच्या मनाला दुसरं काय वाटणार? आजोबा दोन दिवस राहिले. दुसरी वेणी राहिलीच. घरी गेल्यावर आईनं गुंता सोडवला.

पुढं माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, माझे आजोबा वारले. माझ्या मनात काय होतं ते आजवर कोणाला सांगितलं नाही, तुला सांगते. मला वाटलं, आता वडील मोकळे झाले. आता घरात त्यांच्याहून मोठं कोणी नाही, आता कोणाची लाज? त्या वर्षी माहेरी गेले तेव्हा मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन खाटेवर बसले. दुपार होती, घरात कोणी नव्हतं. म्हटलं, “दादा, मला बरं वाटत नाही.” खोटंच. आपल्याला चांगलं धडधाकट असताना असं म्हणावंसं वाटावं, याचं आता हसू येतं. त्यांनी हात उचलला. माझ्या डोक्यापर्यंत आणला. आणि तिथं थांबला तो हात. मग त्यांनी खाटेची नवार चाचपली, जशी काही ती सैल झाली होती. म्हणाले, “जावईबापूंचं कसं काय? कांदा काढला का?”

लाज धरायला कोणी उरलं नव्हतं, पण हाताला वाट माहीत नव्हती. इतकी वर्षं अडवून ठेवलेला हात, त्याला एकदम जा म्हटलं तर कसा जाईल? त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. मी प्रत्येक वेळी माहेरी जाताना वाट पाहिली. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मीच त्यांना पाणी पाजत होते, तेव्हाही पाहिली. ते शांतपणे गेले. माझं मात्र ते राहिलं.

माझी भीती तुला आता कळली असेल. माझं वय बघ. मी काही आज जात नाही, माझी तब्येत ठीक आहे, तुझ्या आईला विचार. पण तुला कधीतरी वाटेल की आजी गेली की पप्पा मोकळा होईल, मग बोलू. तसं होत नाही गं. मी त्याच रस्त्यानं जाऊन आले आहे. मी असतानाच त्याचा हात चालता झाला पाहिजे. मी जिवंत पाहिजे, फक्त त्या खोलीत नको.

मोजू नकोस, असं मी म्हणत नाही. मोज. चांगलं काम आहे ते. माझ्या वडिलांना कोणी एकट्यात विचारलं असतं तर बरं झालं असतं. तू विचारलंस ते बरोबरच विचारलंस, फक्त मी तिथं मटार घेऊन बसलेले होते आणि आपल्यापैकी एकालाही ते खटकलं नाही. तुला कॉलेजात शिकवलं नसेल, मला सवय होती म्हणून दिसलं नाही, आणि तो तर सांगणारच नव्हता. मी परवा त्याला म्हटलं, “तिनं परत विचारलं तर सांगशील?” तर म्हणाला, “तिचं लिहून झालंय आई, ती कशाला परत विचारते.” नाही म्हणाला नाही. हे नीट वाच. त्याच्या तोंडून नाही आलं नाही.

म्हणून मी ठरवलंय. नामपूरला माझी धाकटी बहीण आहे, तिच्याकडं किती वर्षांत जाऊन राहिले नाही. तिला फोन केला की चार दिवस येते म्हणून. ती तिकडची झालीये अगदी, अहिराणीतच म्हणाली, “हाई घर तुनंच शे, विचारतेस काय?” तेव्हा माझी राहायची सोय झाली. तुझ्या आईलाही सांगून ठेवलंय की त्या दिवशी तिनं दुपारी शेजारी जाऊन बसायचं, आणि भाजीच्या मिठाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. ती म्हणाली, “आई, तेवढं जड जाईल.”

तू कागद आणू नकोस, की आण, तुझी मर्जी. पप्पाबरोबर बागेत जा. तो गाडी चालवत असेल तेव्हा विचार, समोर रस्त्याकडं बघत त्याला बोलता येतं. पहिल्या प्रश्नाला गप्प बसेल. लगेच पाचातलं एक सांगा म्हणू नकोस. गप्प बसू दे. निफाड येईपर्यंत वेळ आहे.

जूनच्या आत ये. मात्र यायच्या आधी मला कळव, मी आदल्या दिवशी नामपूरला जायला सटाण्याची गाडी धरते. नाहीतर असं कर, तू एक दिवस आधीच ये. मला सीबीएस स्टँडवर गाडीत बसवून दे, तेवढ्यात तुझं तोंड बघून घेईन, आणि मग घरी जा. पण ये बाई. लवकर ये.